डोळ्यांखालचा काळेपणा : आधी नीट ओळखा, मग उपचार करा

डोळ्यांखाली काळे दिसू लागले की बहुतेक जण आधी क्रीम विकत आणतात आणि ते का आणले याचा विचार महिना-दोन महिन्यांनी, काहीच फरक न पडल्यावर करतात. हा क्रम उलटा आहे. ‘काळी वर्तुळे’ हे एका आजाराचे नाव नाही. त्वचेतले वाढलेले रंगद्रव्य, पातळ त्वचेतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि खोलगट भागात पडणारी सावली या तीन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण हे एकच नाव देतो. रंगद्रव्यावर चालणारे औषध सावलीवर चालत नाही आणि रक्तवाहिन्यांवरचा उपाय रंगद्रव्यावर निरुपयोगी ठरतो. म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्याने आपला काळेपणा कशाचा आहे हे आधी ओळखावे, असे मी आग्रहाने सांगेन. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

त्याआधी या जागेची थोडी माहिती हवी. पापणीची त्वचा ही शरीरावरची सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच, तैलग्रंथीही कमी असतात आणि लगेच खाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू व बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यामुळे गालावर किंवा हातावर जे लपून राहते ते इथे दिसते, आणि गालाला जे औषध सहज सोसते ते इथे आग करते.

पहिली पायरी : खिडकीजवळ आरसा घेऊन बसा

न्हाणीघरातल्या दिव्याखाली किंवा लिफ्टच्या आरशात पाहून काहीही ठरवू नका. डोक्यावरून येणारा उजेड प्रत्येकाच्याच डोळ्यांखाली सावली पाडतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, थेट ऊन येत नसलेल्या खिडकीसमोर तोंड करून बसा. चेहरा धुतलेला असावा आणि काजळ किंवा पावडर यांचा अंशही नसावा. चष्मा असेल तर काढून ठेवा, कारण जाड फ्रेमची सावलीही नेमकी तिथेच पडते.

आता हनुवटी किंचित वर करा, म्हणजे उजेड डोळ्यांखालच्या भागावर समोरून पडेल. काळेपणा बराचसा नाहीसा झाला तर तो सावलीचा आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून गालाकडे तिरकी उतरणारी एक खळगी बहुतेकांच्या चेहऱ्यावर असते. वय वाढते तशी गालाची चरबी खाली सरकते आणि खळगी खोल होते. काहींच्या खालच्या पापणीतली चरबी पुढे येऊन पिशवीसारखा फुगवटा तयार होतो आणि त्याच्या खाली सावली पडते. कित्येकांना ही ठेवण विशीतच असते. तो हाडांच्या रचनेचा भाग आहे आणि त्यात आजार काही नाही.

हनुवटी वर करूनही रंग कायम राहिला तर दुसरी चाचणी करा. डोळ्याच्या खालच्या हाडावर तर्जनी ठेवून त्वचा अगदी हलकेच खाली ओढा. रंग तपकिरी असून जागेवर जसाच्या तसा राहिला, तर तो त्वचेतल्या मेलॅनिनचा, म्हणजे रंगद्रव्याचा आहे. रंग निळसर, जांभळट किंवा गुलाबीसर असून ताणल्यावर अधिक उठून दिसला, तर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या दिसत आहेत. ताणल्याने आधीच पातळ असलेली त्वचा आणखी पातळ होते आणि खालचे जाळे स्पष्ट होते, इतके साधे त्याचे कारण आहे.

एकच प्रकार शुद्ध स्वरूपात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत तपकिरी रंगद्रव्य आणि खळगीची सावली यांचे मिश्रण फार आढळते. त्यातला मोठा वाटा कशाचा आहे एवढे कळले तरी पुरे. ते एका वहीत लिहून ठेवा आणि त्याच खिडकीत, त्याच वेळी, मोबाइलचा फ्लॅश आणि चेहरा उजळवणारे फिल्टर बंद करून एक फोटो काढा. हा फोटो पुढे फार उपयोगी पडतो. रोज आरशात पाहणाऱ्याला हळूहळू होणारा फरक कळत नाही आणि दोन महिन्यांनी आपली आठवण आपल्यालाच फसवते.

दुसरी पायरी : कारणाचा माग काढा

सुरुवात घरातल्या जुन्या अल्बमपासून करा. आई, मावशी, आजी, काका यांचे तरुणपणचे फोटो पाहा. माझ्या आईच्या लग्नातल्या फोटोत, हळद लागलेल्या चेहऱ्यावरही, डोळ्यांखाली तपकिरी अर्धचंद्र स्पष्ट दिसतात. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि आजारी नव्हती. माझ्या डोळ्यांखाली नेमका तोच आकार आहे. आनुवंशिक काळेपणा आपल्याकडे अत्यंत सामान्य आहे. तो बहुधा किशोरवयात किंवा त्याआधीच दिसू लागतो आणि दोन्ही बाजूंना सारखा असतो. तो उपायांनी फिका करता येतो, पण मुळापासून जात नाही. हे आधी कळले तर ‘सात दिवसांत वर्तुळे गायब’ अशा जाहिरातींवर खर्च होणारा पैसा वाचतो.

त्यानंतर नाकाकडे लक्ष द्या. सकाळी उठल्यावर सलग शिंका येतात का, नाक वारंवार चोंदते का, डोळ्यांना खाज सुटते का, लहानपणी दमा किंवा त्वचेचा इसब होता का? नाक चोंदले की डोळ्यांखालच्या नीलांमधले रक्त पुढे सरकायला अडथळा होतो, त्या फुगतात आणि तिथे निळसर-जांभळट छटा येते. यात डोळे चोळण्याची भर पडते, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिलेले कारण हेच आहे. रोज चोळली जाणारी त्वचा स्वतःचा बचाव म्हणून जाड होते आणि अधिक रंगद्रव्य तयार करते. म्हणजे ॲलर्जीमुळे आधी निळी छटा येते आणि नंतर चोळण्यामुळे तपकिरी थर चढतो. घरच्या माणसांना विचारा की मी दिवसातून किती वेळा डोळे चोळतो किंवा चोळते. आपले आपल्याला ते कळत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी गाजर गवताचाही विचार करावा. काँग्रेस गवत म्हणूनही ओळखले जाणारे हे तण भारतात ठळकपणे नोंदले गेले ते १९५० च्या दशकात पुण्यात, आणि आज ते रस्त्याकडेला, मोकळ्या प्लॉटवर, शेताच्या बांधावर सर्वत्र आहे. त्याचे सूक्ष्म कण हवेतून चेहऱ्यावर बसतात आणि ज्यांना त्याचे वावडे आहे त्यांच्या पापण्या, मानेच्या घड्या आणि कोपराच्या आतल्या भागात खाज, खरखरीतपणा व नंतर काळेपणा येतो. विशेषतः शेतात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांमध्ये, मोकळ्या जागी गेल्यावर त्रास वाढतो आणि घरात राहिल्यावर कमी होतो, असे दिसले तर ही शक्यता त्वचारोगतज्ज्ञांना आवर्जून सांगावी.

चेहऱ्याला लागणाऱ्या वस्तूंची यादी करा आणि तिच्यात केसांना व नखांना लागणाऱ्या वस्तूही घाला. केसांच्या काळ्या रंगात आणि ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पावडरींमध्ये पॅराफेनिलिनडायमाइन नावाचे रसायन असते. त्याची ॲलर्जी डोक्यापेक्षा पापण्यांवर आणि कानांभोवती अधिक दिसू शकते, कारण तिथली त्वचा पातळ असते. नेलपॉलिशचेही तसेच आहे. नखे ठणठणीत असतात आणि त्या नखांचा स्पर्श झालेल्या पापण्या सुजतात. काचबिंदूसाठी लॅटॅनोप्रोस्ट किंवा बायमॅटोप्रोस्ट या गटातले थेंब चालू असतील तर त्यानेही पापणीची त्वचा काळवंडते आणि डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन खोबण खोल दिसते. मात्र असे थेंब मनाने कधीही बंद करू नयेत. नजर वाचवणारे ते औषध आहे, म्हणून बदल हवा असल्यास नेत्रतज्ज्ञांशीच बोलावे.

काजळाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून जमलेली काजळी खरवडायची आणि तुपात कालवून डबीत भरायची, ही रीत अनेक घरांत अजून आहे आणि ‘घरचे म्हणजे निर्धोक’ असा समज तिच्याबरोबर चालत आलेला आहे. काजळ घरचे असो वा दुकानातले, ते दिवसभरात खालच्या पापणीवर उतरते, तिथल्या बारीक रेघांत बसते आणि रात्री ते काढण्यासाठी पदराने किंवा रुमालाने घासले जाते. यातले घासणेच अधिक घातक आहे. सुरम्याची गोष्ट तर आणखी गंभीर आहे. पारंपरिक सुरम्यात शिशाचे खनिज असू शकते आणि ते लहान मुलांच्या डोळ्यांत घालणे टाळलेच पाहिजे. काजळ लावायचे असेल तर रात्री कापसाचा बोळा खोबरेल तेलात भिजवून मिटलेल्या पापणीवर दहा-पंधरा सेकंद नुसता धरून ठेवा. काजळ सुटले की एकाच दिशेने अलगद पुसा. आरशासमोर एकदा करून पाहिले की किती कमी जोर लागतो हे लक्षात येते.

जागरणाचा दोष मानला जातो तितका मोठा नसतो. कमी झोपेने रंगद्रव्य तयार होत नाही. त्वचा फिकी पडते आणि पापण्यांना सूज येते, त्यामुळे असलेला काळेपणा अधिक दिसतो. प्रौढांना रात्री किमान सात तास झोप हवी हे खरे असले, तरी आनुवंशिक वर्तुळे असणारा माणूस दहा तास झोपला तरी ती राहणारच. ‘रात्रभर मोबाइल बघतेस ना, म्हणून’ असे मुलीला सुनावण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. सूज मात्र उशीने, मिठाने आणि मद्याने कमी-जास्त होते. रात्री पापड-लोणच्याचे जेवण झाले असेल तर सकाळचे डोळे ते सांगतात. डोके थोडे उंच ठेवून झोपल्याने या सुजेत फरक पडतो.

रक्तक्षयाकडे दुर्लक्ष करू नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चेहरा फिका पडला की डोळ्यांखालचा गडद भाग विरोधाने उठून दिसतो. दम लागणे, थकवा, केस गळणे, पाळीत जास्त रक्तस्राव अशी लक्षणे सोबत असतील तर रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय मानला जातो. हळिवाचे लाडू, पालेभाज्या, कडधान्ये हे सगळे चांगलेच आहे. सोबत लिंबू पिळावे आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावा, म्हणजे लोह नीट शोषले जाते. पण हिमोग्लोबिन बरेच कमी असेल तर लाडवांनी ते भरून निघत नाही. तिथे गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांनी ठरवायच्या असतात.

मान, काखा आणि डोळ्यांभोवती त्वचा मखमलीसारखी जाडसर व काळी होत असेल तर ते शरीराच्या इन्शुलिनला मिळणाऱ्या कमी प्रतिसादाचे लक्षण असू शकते. अशा वेळी साखर तपासा, वजनाकडे लक्ष द्या. तिथे क्रीमचे काम दुय्यम आहे.

तिसरी पायरी : घरी थांबू नये अशी लक्षणे

एकाच डोळ्याभोवती निळसर-राखाडी डाग असणे, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरही तशी छटा असणे, सकाळी दोन्ही पापण्या आणि पाय सुजणे, जांभळट पापण्यांसोबत दंड-मांड्यांत अशक्तपणा येणे, किंवा पापण्यांवर सतत खाज आणि खपल्या असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. डोक्याला मार लागल्यानंतर एक-दोन दिवसांत दोन्ही डोळ्यांभोवती काळेनिळे झाले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे, कारण ते कवटीच्या तळाच्या हाडाला तडा गेल्याचे लक्षण असू शकते. लहान मुलाच्या डोळ्यांभोवती मार न लागता असे काळेनिळे आले तरीही उशीर करू नये.

चौथी पायरी : नुकसान करणारे उपाय आधी थांबवा

नवे काही लावण्यापूर्वी जुने घातक उपाय सोडा. लिंबाचा रस, खायचा सोडा, टूथपेस्ट, कच्च्या हळदीचा दाट लेप यांना या त्वचेवर जागा नाही. लिंबू लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि त्यानंतर आलेला डाग मूळच्या वर्तुळापेक्षा गडद असतो. काकडीचे किंवा बटाट्याचे थंड काप ठेवायला हरकत नाही, मात्र त्यांचा उपयोग थंडपणापुरता, म्हणजे तासा-दोन तासांचा आहे हे लक्षात घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॉलेजात असताना मी घराजवळच्या एका औषधाच्या दुकानात डोळ्यांखालच्या डागांसाठी काहीतरी द्या म्हणून सांगितले आणि चिठ्ठीशिवाय एक छोटी ट्यूब हाती पडली. दोन आठवड्यांत डोळ्यांखालची त्वचा इतकी उजळली की मैत्रिणींनी नाव विचारून घेतले. दुसऱ्या महिन्यात मी ट्यूब बंद केली तेव्हा पापण्या लाल झाल्या, पाणी लागले तरी झोंबू लागले आणि काळेपणा पूर्वीपेक्षा वाढून परतला. त्वचारोगतज्ज्ञांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरे मला वाचायला लावली: मोमेटासोन, ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन. पहिले स्टेरॉइड आहे. त्वचा सावरायला पाच महिने लागले, आणि ज्या मैत्रिणींना मी नाव सांगितले होते त्यांना फोन करून ती बंद करायला सांगताना मला फार वाईट वाटले.

स्टेरॉइड हे योग्य आजारात, योग्य मुदतीपुरते उत्तम औषध आहे. पण रंग उजळवण्यासाठी ते डोळ्यांभोवती लावत राहिल्यास त्वचा आणखी पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, आणि दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या यादीत घातली, तरीही ती सहज मिळतात. म्हणून ट्यूबच्या मागे बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले आणि ते तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेले नसेल, तर ती ट्यूब वापरू नका. बराच काळ वापरत असाल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. घटकांची यादी नसलेली, पार्लरमध्ये डबीतून मिळणारी ‘गोरेपणाची’ क्रीम्स तर हातातही घेऊ नका. त्यांत पारा असू शकतो आणि पाऱ्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचे आजार झालेले रुग्ण महाराष्ट्रात आणि केरळात आढळले आहेत.

पाचवी पायरी : साधा पाया, चार आठवडे

पहिले चार आठवडे औषधी क्रीम न लावता फक्त पाया घाला. सौम्य फेसवॉशने तोंड धुवा, टॉवेल डोळ्यांखाली टेकवून पाणी टिपा, आणि सुगंध नसलेले साधे मॉइश्चरायझर रात्री लावा. लावताना करंगळीशेजारच्या अनामिकेचा वापर करा, कारण तिचा दाब आपोआप हलका पडतो. दोन्ही डोळ्यांखाली मिळून तांदळाच्या दाण्याएवढे मॉइश्चरायझर पुरते. ते डोळ्याखालच्या हाडाच्या कडेवर टेकवावे, पापणीच्या केसांपर्यंत नेऊ नये, कारण ते आपोआप वर पसरते.

सकाळी सनस्क्रीन हवे. तपकिरी काळेपणा असणाऱ्याने दुसरे काहीही केले नाही तरी एवढे करावे, कारण सूर्यप्रकाश रंगद्रव्य वाढवत असताना ते कमी करणारी औषधे लावणे म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणे आहे. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेले, झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर आधारित सनस्क्रीन घ्यावे. ते डोळ्यांत गेले तरी तुलनेने कमी झोंबते. त्वचेच्या रंगाची छटा असलेल्या सनस्क्रीनमध्ये आयर्न ऑक्साइड असते आणि ते दृश्य प्रकाशापासूनही बचाव करते. सावळ्या त्वचेला हा दृश्य प्रकाशही काळवंडवतो, म्हणून आपल्यासाठी छटेचे सनस्क्रीन अधिक योग्य आहे. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. दुचाकीवर हेल्मेटची काच खाली घ्यावी. तिने धूळ अडते, आणि धूळ अडली की डोळे चोळणेही कमी होते. गॉगल घेताना काच किती काळी आहे याला महत्त्व देऊ नका, त्यावर ‘यूव्ही ४००’ असे लिहिलेले आहे का ते पाहा.

नाकाची ॲलर्जी असेल तर याच चार आठवड्यांत तिच्यावर उपचार सुरू करा. खाज सुटली की चोळण्याऐवजी स्वच्छ कापड थंड पाण्यात बुडवून, पिळून, मिटल्या डोळ्यांवर ठेवा. निळसर छटा असलेल्या बऱ्याच जणांना एवढ्यानेच निम्मा आराम पडतो आणि पुढच्या पायरीची गरज उरत नाही.

सहावी पायरी : प्रकारानुसार उपाय

तपकिरी काळेपणासाठी व्हिटॅमिन सी, नायसिनामाइड, ॲझेलिक ॲसिड, कोजिक ॲसिड आणि रेटिनॉल हे घटक उपयोगाचे आहेत. सगळे एकदम सुरू करू नका. एक निवडा, कोपराच्या आतल्या बाजूला सात दिवस रोज लावून पाहा, खाज किंवा लाली आली नाही तरच डोळ्यांखाली न्या. अगदी नवख्याने चार-पाच टक्क्यांच्या नायसिनामाइडने सुरुवात करावी, कारण ते सर्वांत कमी झोंबते. रेटिनॉल कमी प्रमाणातले, डोळ्यांसाठीच बनवलेले घ्यावे. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, मॉइश्चरायझरच्या थरावर लावावे. गरोदर असणाऱ्यांनी आणि गरोदरपणाचा विचार करणाऱ्यांनी ते वापरू नये. हायड्रोक्विनोन प्रभावी आहे, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक मुदतीपुरतेच वापरायचे औषध आहे.

त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. त्यामुळे कोणत्याही घटकाला आठ ते बारा आठवडे दिल्याशिवाय तो निरुपयोगी ठरवू नये. रंगद्रव्य खोलवर, म्हणजे आतल्या थरात असेल तर वरून लावलेले औषध तिथपर्यंत फारसे पोहोचत नाही. त्वचारोगतज्ज्ञ वूड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली पाहून ही खोली बऱ्याच अंशी सांगू शकतात. एकदा ही तपासणी झाली की अपेक्षा किती ठेवायची ते कळते, म्हणून मी तिला फार महत्त्व देते.

निळसर-जांभळट काळेपणावर उजळवणारी क्रीम्स चालत नाहीत. थंड शेक आणि कॅफिन असलेले जेल यांनी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि काही तास बरे दिसते. रेटिनॉलने काही महिन्यांच्या वापरात त्वचेतले कोलॅजन, म्हणजे तिला घट्टपणा देणारे प्रथिन, थोडे वाढते व आतले जाळे झाकले जाते. धूम्रपान करणाऱ्यांनी ते सोडणे हा याच उपचाराचा भाग आहे.

सावलीला क्रीम नाही. हे वाचून निराश होऊ नका. पीच किंवा नारिंगी छटेचा करेक्टर आणि त्यावर त्वचेच्या रंगाचा कन्सीलर बोटाने थापून लावल्यास तपकिरी आणि निळसर दोन्ही रंग झाकले जातात. खळगीची सावली मात्र त्यानेही पूर्ण जात नाही. ती भरायची असेल तर फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून जागा भरणारे जेल, किंवा शस्त्रक्रिया हेच मार्ग उरतात.

सातवी पायरी : क्लिनिकमध्ये काय विचारावे

केमिकल पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे), लेसर, पीआरपी (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट-युक्त भाग टोचणे), फिलर आणि पापणीच्या पिशव्या काढण्याची शस्त्रक्रिया असे बरेच पर्याय आज पुणे-मुंबईपासून जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत उपलब्ध आहेत. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर लेसर किंवा पील जोरात केले तर जळजळीनंतर नवा काळेपणा येतो, हा यातला मुख्य धोका आहे. पील आणि रंगद्रव्य फोडणारे क्यू-स्विच्ड लेसर तपकिरी प्रकारासाठी असतात आणि ते अनेक बैठकांत, कमी जोराने करणारे डॉक्टर चांगले. हायलुरोनिक ॲसिडचे फिलर खळगीसाठी असते. ते फार वरवर टोचले तर तिथे निळसर छटा येते, आणि क्वचित प्रसंगी फिलर रक्तवाहिनीत जाऊन दृष्टीला इजा होऊ शकते. म्हणून हे काम त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी किंवा नेत्रशास्त्राचे प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडेच करावे, पार्लरमध्ये कधीही करू नये.

पैसे भरण्यापूर्वी शांतपणे विचारावे: माझा काळेपणा कोणत्या प्रकारचा आहे, त्याच्यावर हाच उपाय का, किती बैठका लागतील, माझ्यासारख्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही हे किती वेळा केले आहे, काळेपणा वाढला तर पुढे काय करायचे, आणि फिलर असेल तर ते विरघळवणारे हायलुरोनिडेज इंजेक्शन इथे उपलब्ध आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर न देता थेट पॅकेजचा दर सांगितला गेला, तर उठून यावे.

मुलांच्या बाबतीत

आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या डोळ्यांखाली काळे दिसते म्हणून काळजीत पडणारे आई-बाबा बरेच असतात. या वयात उजळवणारी कोणतीही क्रीम लावू नये. मूल रात्री तोंड उघडे ठेवून झोपते का, घोरते का, तळहाताने नाक वरच्या दिशेने पुसते का, हे दोन-तीन रात्री आणि दिवस पाहावे. वारंवार तसे पुसल्याने नाकाच्या शेंड्याजवळ एक आडवी रेघही उमटते. यातले काही दिसले तर बालरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. उशीचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवावेत आणि मऊ खेळणी अंथरुणातून बाहेर काढावीत. नाक मोकळे झाले की काही आठवड्यांनी त्याच खिडकीत मुलाचा दुसरा फोटो काढून पहिल्या फोटोशेजारी ठेवावा.